आठवण टिकते कशी? ग्वाल्हेरची गायकी, मेंदू आणि स्मरणशील यंत्रे

ग्वाल्हेरच्या किल्ल्याकडे जाणाऱ्या चढणीवर खडकातून कोरलेले एक लहानसे चतुर्भुज मंदिर आहे. त्यात इ. स. ८७६ मधला एक शिलालेख आहे. देवळाला दिलेल्या बागेचे माप २७० हात, रोज अर्पण करावयाचे हार ५०, असा व्यवहारी तपशील त्यात नोंदलेला आहे. या दोन्ही आकड्यांतले शून्य आज आपण लिहितो तसेच वर्तुळाकार आहे. शून्य अंक स्पष्टपणे वापरलेल्या आणि काळ निश्चित असलेल्या भारतातील अतिशय जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. साडेअकराशे वर्षे तो लेख जसाच्या तसा राहिला, कारण दगडाला काही करावे लागत नाही. एकदा कोरले की ते राहते.

याच शहराने आणखी एक गोष्ट जपली आहे, आणि ती दगडात नाही. शिंदे दरबारातील हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या बंधूंनी बडे महंमद खाँ यांची गायकी पडद्याआडून ऐकून ऐकून आत्मसात केली, अशी आख्यायिका संगीताच्या जगात सांगितली जाते. पुढे हस्सू खाँ यांच्याकडून वासुदेवबुवा जोशी, त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर आणि बाळकृष्णबुवांकडून विष्णु दिगंबर पलुसकर, अशी ती विद्या महाराष्ट्रात उतरली. सावंतवाडी संस्थानात जन्मलेले रामकृष्णबुवा वझे ग्वाल्हेरला निसार हुसेन खाँ यांच्याकडे शिकले. पुढे मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर वझेबुवांचे शिष्य झाले. या साखळीतले सारे गळे कधीच शांत झाले. बंदिशी मात्र आजही गायिल्या जातात.

जतन करण्याच्या या दोन रीती आहेत. पहिलीत वस्तू टिकते म्हणून मजकूर टिकतो. दुसरीत वस्तू सतत बदलते आणि तरीही मजकूर टिकतो. आपल्या खिशातला भ्रमणध्वनी छायाचित्रे साठवतो ती पहिल्या रीतीने. आपला मेंदू बालपण साठवतो ते दुसऱ्या रीतीने. गेल्या दोन दशकांपासून जगभरच्या प्रयोगशाळांत अशी इलेक्ट्रॉनिक उपकरणे घडवली जात आहेत, जी दगडासारखी न वागता गळ्यासारखी वागतील. ती समजून घ्यायची तर आधी मेंदूत आठवण कशी रुजते हे पाहावे लागते.

एका शस्त्रक्रियेने उघडलेले दार

१९५३ साली अमेरिकेतील हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणावर शस्त्रक्रिया झाली. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला काही भाग काढून टाकला. त्यात समुद्रघोड्याच्या आकाराचा हिप्पोकॅम्पस नावाचा अवयवही बहुतांशी गेला. झटके कमी झाले, पण त्या दिवसानंतर मोलेसनला नवी आठवण धरून ठेवता येईना. नुकतीच भेटलेली व्यक्ती खोलीबाहेर जाऊन परत आली की ती त्याला अनोळखी वाटे. बालपणीचे प्रसंग मात्र त्याला सांगता येत असत. बुद्धी शाबूत होती, भाषा शाबूत होती.

ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवण्याचा सराव दिला. काही दिवसांत त्याचा हात सफाईने चालू लागला. पण आपण हे पूर्वी कधी केले आहे, याची त्याला आठवण नव्हती. एकट्या त्या प्रयोगातून मोठा निष्कर्ष निघाला. स्मृती ही एकच कोठी नाही. प्रसंगांची आठवण एका व्यवस्थेकडे असते, हाताच्या सरावाची दुसऱ्या व्यवस्थेकडे. शिवाय जुन्या आठवणी टिकल्या, त्या अर्थी त्या कायमच्या हिप्पोकॅम्पसमध्ये राहत नसाव्यात. तो भाग नव्या आठवणींची नोंद करणारा आहे. जुन्यांचे भांडार मेंदूच्या बाह्यपटलावर पसरलेले आहे.

गायकाच्या बाबतीत हा भेद फार बोलका ठरतो. क्लाइव्ह वेअरिंग या इंग्रज संगीतज्ञाला १९८५ साली मेंदूज्वर झाला आणि त्याची प्रसंगस्मृती जवळजवळ संपूर्ण गेली. काही क्षणांपूर्वीचेही त्याला आठवत नसे. तरीही पियानोपुढे बसला की त्याची बोटे चालत, आणि समूहगायनाचे संचालनही त्याला करता येई. केव्हा शिकलो, कोणाकडून शिकलो, हे पुसले गेले. शिकलेले मात्र उरले.

दोन पेशींमधली फट

मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. प्रत्येक पेशी हजारो पेशींशी जोडलेली असते, पण चिकटलेली नसते. दोघींमध्ये एक अतिसूक्ष्म फट राहते. त्या जागेला चेतासंधी म्हणतात. एका पेशीतून विद्युत्‌संदेश आला की फटीत रसायन सुटते, पलीकडची पेशी ते ग्रहण करते आणि संदेश पुढे जातो. काही संधींतून संदेश जोरकसपणे जातो, काहींतून क्षीणपणे. हे बळ ठरलेले नसते. वापराप्रमाणे ते बदलते.

कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ साली असे अनुमान मांडले की, एक पेशी दुसरीला वारंवार उद्दीपित करण्यात सहभागी होत असेल, तर त्या दोघींमधला दुवा बळकट होत जातो. पाऊलवाट जशी चालण्याने पडते आणि न चालल्यास गवताखाली जाते, तसेच हे आहे. हेब यांच्या हाती त्या वेळी पुरावा नव्हता. तो १९७३ साली टिम ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी दिला. सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये जलद विद्युत्‌स्पंदनांची मालिका सोडल्यावर तेथील चेतासंधी बळावतात आणि ते बळ तासन्‌तास टिकते, असे त्यांना आढळले.

हे घडते कसे, त्याची यंत्रणाही आता बरीच उलगडली आहे. पलीकडच्या पेशीवर दोन प्रकारची दारे असतात. पहिले दार रसायन आले की उघडते. दुसऱ्या दाराला मॅग्नेशियमच्या आयनाची अडसर असते. ती अडसर तेव्हाच निघते, जेव्हा रसायनही आलेले असते आणि ती पेशी स्वतःही आधीच उद्दीपित झालेली असते. थोडक्यात, दोन्ही बाजू एकाच वेळी जाग्या असल्या तरच हे दार उघडते. मग कॅल्शियम आत शिरते, काही विकरे कामाला लागतात आणि पहिल्या प्रकारची आणखी दारे पृष्ठभागावर आणून बसवली जातात. पुढच्या वेळी तेवढ्याच रसायनाला मोठा प्रतिसाद मिळतो. दोन घटना एकमेकींशी जोडल्या गेल्या, याची ही रासायनिक नोंद होय.

परंतु ही नोंद काही तासांची असते. ती दीर्घकाळ टिकायची तर आणखी एक पायरी लागते. एरिक कँडेल यांनी ती एका सागरी गोगलगाईत शोधली. अॅप्लिसिया नावाच्या या प्राण्याच्या साऱ्या चेतासंस्थेत सुमारे २०,००० पेशीच असतात, आणि त्याही मोठ्या. तिला एकदा धक्का दिला तर तिची सावधगिरी काही मिनिटे राहते. अंतराअंतराने पुनःपुन्हा दिला तर ती अनेक दिवस राहते. दुसऱ्या प्रकारात पेशीच्या केंद्रकापर्यंत निरोप पोहोचतो, काही जनुके जागी होतात, नवी प्रथिने तयार होतात आणि नवे संधी अक्षरशः उगवतात. अल्पकालीन स्मृती म्हणजे आहे त्या दुव्याची डागडुजी. दीर्घकालीन स्मृती म्हणजे नवे बांधकाम. या संशोधनासाठी कँडेल यांना २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

रेणू जातात, आठवण राहते

येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. ज्या प्रथिनांनी हे बांधकाम होते ती स्वतः अल्पायुषी असतात. बहुतेक प्रथिने काही दिवसांत किंवा आठवड्यांत मोडली जातात आणि त्यांच्या जागी नवी येतात. मग साठ वर्षांपूर्वीचे आजोळ आज कसे आठवते? डीएनएची रचना उलगडणाऱ्यांपैकी एक, फ्रान्सिस क्रिक, यांनी १९८४ साली हाच प्रश्न विचारला होता. त्यांची सूचना अशी होती की, रेणू एकेकटे बदलले जात असतील आणि राहिलेले रेणू नव्याला आपली अवस्था देत असतील, तर रचना टिकू शकेल.

२०२४ साली अमेरिकेतील टॉड सॅक्टर, आंद्रे फेंटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून या कल्पनेला आधार देणारा पुरावा मांडला. पीकेएम-झीटा नावाचे विकर चेतासंधी बळकट ठेवते आणि किब्रा नावाचे प्रथिन त्याला नेमक्या त्याच बळावलेल्या संधीपाशी धरून ठेवते. विकराचे जुने रेणू गेले तरी किब्रामुळे नवे रेणू त्याच जागी येऊन बसतात. ही जोडी तोडली असता जुनी आठवणही विस्कटते, असे त्यांना दिसले. या विषयावर मतभेद आहेत आणि संशोधन चालू आहे, पण दिशा विचार करण्याजोगी आहे.

घराण्याची परंपरा नेमकी अशीच चालते. गुरू जातो, पण जाण्यापूर्वी त्याने शिष्याला त्याच जागी बसवलेले असते. सबंध घराणे एकाच दिवशी रिकामे झाले असते तर गायकी लोपली असती. एकेक जण बदलत गेला म्हणून ती राहिली.

या साम्याचा दुसरा भागही तितकाच खरा आहे. बंदीश प्रत्येक वेळी गाताना नव्याने उभी केली जाते, तशी आठवणही. २००० साली करीम नादेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांत दाखवले की, पक्की झालेली भीतीची आठवण जागवली की ती काही काळ पुन्हा लवचीक होते आणि तिला पुन्हा पक्के व्हावे लागते. त्या अवधीत प्रथिननिर्मिती रोखली तर ती क्षीण होते. म्हणजे आठवणे ही कपाटातून कागद काढून परत ठेवण्याइतकी निरुपद्रवी क्रिया नाही. कागद बाहेर काढताच शाई थोडी ओली होते. आपल्या अत्यंत स्पष्ट आठवणीही काळाच्या ओघात बदललेल्या निघतात, त्याचे हे एक कारण असू शकते. न्यायालयातील साक्षीपासून घरातील वादापर्यंत याचा संबंध पोहोचतो.

रात्रीची उजळणी

हिप्पोकॅम्पसकडून बाह्यपटलाकडे आठवणींचा प्रवास प्रामुख्याने झोपेत होतो, असे मानले जाते. १९९४ साली मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी उंदरांच्या मेंदूतील पेशींची नोंद घेतली. दिवसा फिरताना ज्या पेशी बरोबरीने उद्दीपित झाल्या होत्या, त्याच नंतरच्या झोपेत पुन्हा बरोबरीने उद्दीपित होताना आढळल्या. दिवसाचा धडा रात्री पुन्हा म्हटला जात होता.

जागेपणीच्या उजळणीचे महत्त्वही जुने आहे. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवले की विसरणे आरंभी वेगाने आणि नंतर हळूहळू होते, आणि एकाच बैठकीतील घोकंपट्टीपेक्षा अंतराअंतराने केलेली उजळणी अधिक फळते. भारतात वेदपाठी पंडितांच्या मेंदूचाही अभ्यास झाला आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात २१ पंडितांच्या मेंदूंची चित्रे घेतली गेली. भाषा आणि स्मृती यांच्याशी संबंधित काही भागांत, हिप्पोकॅम्पसच्या काही अंशातही, इतरांच्या तुलनेत फरक आढळले. हे फरक पाठांतरामुळेच झाले की मुळातच होते, हे अशा एकाच चित्रणावरून ठरत नाही. पण वर्षानुवर्षांच्या मौखिक साधनेचा मेंदूशी असलेला संबंध त्यातून सूचित होतो.

संगणकाचा दगड

आता यंत्राकडे वळू. संगणकाची नेहमीची कामचलाऊ स्मृती म्हणजे कोट्यवधी सूक्ष्म विद्युत्‌घट. घट भरलेला म्हणजे एक, रिकामा म्हणजे शून्य. हे घट गळके असतात. म्हणून साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत ते पुन्हा भरावे लागतात. वीज गेली की सारे पुसले जाते.

भ्रमणध्वनीतील किंवा पेनड्राइव्हमधील कायम स्मृती वेगळी असते. १९६७ साली बेल प्रयोगशाळेत दाऊन कांग आणि सायमन झी यांनी तिचे मूळ तत्त्व मांडले. ट्रान्झिस्टरमध्ये चहूबाजूंनी विद्युत्‌रोधकाने वेढलेला एक तरंगता कप्पा ठेवायचा आणि त्यात इलेक्ट्रॉन कोंडायचे. वीज गेली तरी ते वर्षानुवर्षे कोंडलेले राहतात. १९८०च्या दशकात तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी त्यातून फ्लॅश स्मृती घडवली. ही चतुर्भुज मंदिराची रीत आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पाठवलेल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकड्यांची रीतही हीच. त्यांवर गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांचा आवाज कोरलेला आहे. तो आवाज सूर्यमालेबाहेर जाऊनही जसाच्या तसा राहील, पण त्यात एका नव्या तानेची भर पडणार नाही.

या रीतीत एक मोठी उणीव आहे. साठवण एका जागी आणि आकडेमोड दुसऱ्या जागी होते, त्यामुळे माहितीला सतत ये-जा करावी लागते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आजच्या प्रणालींत कोट्यवधी आकडे क्षणोक्षणी असे हलवावे लागतात, आणि खर्च होणाऱ्या विजेचा मोठा भाग या वाहतुकीतच जातो. मेंदूत अशी वाहतूक नाही. ज्या संधीत आठवण असते, तेथेच संदेशावर प्रक्रियाही होते. म्हणूनच तो सुमारे २० वॅटवर, एका लहानशा दिव्याच्या विजेवर, आपला सारा संसार चालवतो.

ज्याला आपला भूतकाळ आठवतो असा रोधक

१९७१ साली लिऑन चुआ यांनी गणिताच्या आधारे असे सुचवले की, रोधक, धारित्र आणि वेटोळे या तीन परिचित घटकांखेरीज विद्युत्‌मंडलात एक चौथा मूलभूत घटक असावा. त्याचा रोध त्यातून पूर्वी वाहून गेलेल्या प्रवाहावर अवलंबून राहील. त्यांनी त्याला मेमरिस्टर म्हटले. २००८ साली एचपी कंपनीच्या प्रयोगशाळेत स्टॅन्ली विल्यम्स आणि त्यांच्या चमूने टायटॅनियम डायऑक्साइडच्या अतिपातळ थरातून असा घटक दाखवला. तो खराखुरा चुआ यांचाच घटक आहे का, यावर वाद झाला. पण तेथून या संशोधनाला वेग आला.

त्याची रचना साधी आहे. दोन धातूंच्या पट्ट्यांमध्ये ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर असतो. विद्युत्‌दाब दिला की थरातील ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा सरकतात आणि प्रवाहाला वाट तयार होते. उलट दाब दिला की वाट मोडते. वीज बंद केली तरी वाट तशीच राहते. अशा घटकांची उभ्या-आडव्या तारांची जाळी केली तर स्मृती आणि आकडेमोड एकत्र येतात. प्रत्येक छेदावर विद्युत्‌दाब आणि वाहकता यांचा गुणाकार ओमच्या नियमानेच होतो आणि एका तारेवरच्या साऱ्या प्रवाहांची बेरीज आपोआप होते. पदार्थविज्ञानच हिशोब करते.

दीर्घकालीन स्मृतीच्या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण प्रयोग २०११ साली जपानमध्ये झाला. ताकेओ ओहनो, त्सुयोशी हासेगावा, मासाकाझू आओनो आणि सहकाऱ्यांनी सिल्व्हर सल्फाइड आणि धातू यांच्यामध्ये नॅनोमीटरभर फट ठेवली. विद्युत्‌स्पंदन दिले की चांदीचे अणू बाहेर येऊन फटीवर पूल बांधू लागतात. स्पंदने विरळ असतील तर पूल अर्धवट राहतो आणि आपोआप विरून जातो. तीच स्पंदने पाठोपाठ आली तर पूल पूर्ण होतो आणि टिकतो. म्हणजे त्या उपकरणाला कोणी बाहेरून ‘हे लक्षात ठेव, हे विसर’ असे सांगितले नव्हते. उजळणी किती दाट झाली यावरून ते स्वतःच ठरवत होते. अल्पकालीन आणि दीर्घकालीन स्मृती या दोन्ही एकाच घटकात दिसल्या.

कोल्हापूर, मुंबई, बंगळुरू

हे काम परदेशापुरते नाही. गोव्यापासून घाट चढून गेले की कोल्हापूर लागते. तेथील शिवाजी विद्यापीठात डॉ. तुकाराम डोंगळे आणि त्यांचे विद्यार्थी धातूंच्या ऑक्साइडांपासून मेमरिस्टर बनवून त्यांत चेतासंधीचे गुण कसे आणता येतील याचा अभ्यास करतात. मुंबईच्या आयआयटीत उदयन गांगुली यांचा गट अत्यल्प विजेवर चालणारी कृत्रिम चेतापेशी सिलिकॉनमध्ये घडवण्याच्या प्रयत्नात आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील श्रीतोष गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २०२४ साली रुथेनियम या धातूच्या संयुगाच्या पटलापासून असे उपकरण दाखवले, जे शून्य आणि एक या दोनच नव्हे तर सोळा हजारांहून अधिक वेगवेगळ्या वाहकता धारण करू शकते. या कामात स्टॅन्ली विल्यम्स यांचाही सहभाग होता. चेतासंधीचे बळही असेच पायऱ्यापायऱ्यांनी कमीजास्त होते. किल्ल्यावरच्या शिलालेखातील शून्यापासून निघालेली वाट अशा ठिकाणी पोहोचली आहे, जिथे शून्य आणि एक यांच्यामधल्या हजारो छटा मोजाव्या लागतात.

साम्य किती, अंतर किती

तरीही ‘मेंदूसारखे’ हा शब्द जपून वापरला पाहिजे. मेमरिस्टरमधला पूल अणूंच्या सरकण्याने बनतो. त्यात जनुके नाहीत, प्रथिने नाहीत, झोप नाही. एका घटकाप्रमाणे दुसरा तंतोतंत वागेल याची खात्री नसते, आणि पुनःपुन्हा लिहिल्याने तो झिजतो.

मोठी अडचण मात्र विसरण्याची आहे. कृत्रिम चेताजालाला एक काम शिकवल्यावर दुसरे शिकवले तर पहिले साफ पुसले जाऊ शकते. १९८९ साली मायकेल मॅक्लॉस्की आणि नील कोहेन यांनी हा दोष ठळकपणे दाखवून दिला. कारण उघड आहे. ज्या दुव्यांत जुने आहे त्यांवरच नवे लिहिले जाते. संधी लवचीक ठेवले तर नवे शिकता येते पण जुने जाते. ताठ ठेवले तर जुने राहते पण नवे शिरत नाही. मेंदूने या पेचावर दुहेरी व्यवस्थेचा तोडगा काढला असावा, असे १९९५ साली जेम्स मॅक्लेलंड आणि सहकाऱ्यांनी मांडले. हिप्पोकॅम्पस चटकन शिकतो, बाह्यपटल सावकाश शिकते, आणि जुन्या-नव्याची सरमिसळ उजळणी झोपेत होत राहते. आजचे अभियंते चेताजालांना जुने धडे अधूनमधून पुन्हा देतात, त्यामागे हीच कल्पना आहे.

यातून आणखी एक गोष्ट लक्षात येते. विसरणे हा नेहमीच स्मृतीचा दोष नसतो. जपानी प्रयोगातील अर्धवट पूल विरून गेला नसता तर प्रत्येक क्षुल्लक स्पंदन कायमचे कोरले गेले असते. काय ठेवायचे याची निवड विसरण्यातूनच होते.

पणाला काय लागले आहे

ग्वाल्हेरमधील हरिशंकरपुरमसारख्या एखाद्या निवासी वसाहतीचा विचार करा. शिंद्यांच्या काळापासून या शहरात मराठी घरे आहेत. अशा एखाद्या घरातील आजी सकाळी काय जेवली हे विसरते, नातवाला त्याच्या वडिलांच्या नावाने हाक मारते. पण ओवी सुरू केली की एक शब्द चुकत नाही. नातवंडे चकित होतात. कोणी म्हणते, ‘आजी सोंग करते.’ ती सोंग करीत नसते. अल्झायमर रोगात हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या भोवतालचा भाग आरंभीच बाधित होतो, म्हणून नवी नोंद होत नाही. फार पूर्वी बाह्यपटलावर पसरलेले, हजारदा म्हटलेले मात्र बराच काळ तग धरते. दीर्घपरिचित संगीताशी संबंधित मेंदूचे भाग या रोगात तुलनेने उशिरा झिजतात, असे २०१५ सालच्या एका जर्मन संशोधनात दिसून आले. स्मृतीची यंत्रणा ठाऊक असली तर घरातल्या माणसांचा राग करुणेत बदलू शकतो. हा या विज्ञानाचा सर्वांत जवळचा उपयोग म्हणावा लागेल.

भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असावेत, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला राष्ट्रव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे. रोग मागे फिरवणारे औषध आज उपलब्ध नाही. परंतु २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने शिक्षणाचा अभाव, ऐकू कमी येणे, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा यांसारखे १४ घटक नोंदवले आणि ते सारे दूर झाले तर जगातील सुमारे ४५ टक्के प्रकरणे टाळता किंवा लांबवता येतील असे म्हटले. वेळेवर घेतलेले श्रवणयंत्र आणि आटोक्यात ठेवलेला रक्तदाब हेही स्मृतीचे रक्षकच होत.

मेंदू आणि उपकरण यांची प्रत्यक्ष गाठही पडू लागली आहे. २०१८ साली अमेरिकेत रॉबर्ट हॅम्पसन, थिओडोर बर्जर, डाँग साँग आणि सहकाऱ्यांनी, अपस्माराच्या तपासणीसाठी आधीच विद्युत्‌अग्रे बसवलेल्या रुग्णांवर प्रयोग केला. आठवण नीट रुजते तेव्हा हिप्पोकॅम्पसमध्ये स्पंदनांचा जो आकृतिबंध उमटतो, तो त्या त्या रुग्णाकडूनच शिकून त्याला परत देण्यात आला. स्मरणशक्तीच्या चाचण्यांत सुधारणा दिसली. हा उपचार घरोघरी पोहोचण्यास अजून बराच अवकाश आहे. पण असे उपकरण कवटीच्या आत ठेवायचे तर ते अत्यल्प विजेवर चालले पाहिजे, तापता कामा नये आणि स्वतः शिकत राहिले पाहिजे. मेमरिस्टरसारख्या घटकांचे खरे मोल तेथे कळेल.

त्याबरोबर नवे प्रश्नही येतील. एखाद्याची आठवण बाहेरून बळकट करता येत असेल तर क्षीणही करता येईल. आतल्या उपकरणात उमटलेल्या आकृतिबंधावर हक्क रुग्णाचा, रुग्णालयाचा की उपकरण बनवणाऱ्या कंपनीचा? कोणती आठवण जपावी आणि कोणती विरू द्यावी, हे आजवर मेंदू आपल्या संथ, अबोध रीतीने ठरवत आला. तो निर्णय यंत्राच्या मदतीने घेण्याची वेळ येईल, तेव्हा त्यासाठी कायदा आणि वैद्यकीय नीती आधीच तयार असायला हवी.

तोवर जे हाती आहे ते साधे आहे आणि त्याला वीजही लागत नाही: पुरेशी झोप, अंतराने केलेली उजळणी, माणसांची सोबत, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यांची जुनी गाणी म्हणू देणे. ती ऐकताना नातवाच्याही मेंदूत काही दुवे बळावत असतात.